मातीत राबणे वेगळे, मातीत शिकणे वेगळे

शाळेच्या आवारात परसबाग करायची, मुलांना आठवड्यातून एक तास मातीत न्यायचे, असे म्हटले की आपल्या वस्तीतील पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आमच्या आयांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपले. आता पोरानेही खुरपेच धरायचे, तर त्याला शाळेत कशाला घातले?"

या प्रश्नाला अडाणीपणा म्हणून उडवून लावता येणार नाही. ज्यांच्या पिढ्यांना जमीन मिळाली नाही, मिळाली ती फक्त मजुरी, त्यांनी शिक्षणाकडे शेतातून सुटण्याचा रस्ता म्हणूनच पाहिले. त्या रस्त्याने लाखो घरे वर आली. त्यामुळे मुलांना शेती, बागकाम आणि सकस आहार उघड्यावर, प्रत्यक्ष वाफ्यात शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाने किंवा कार्यकर्त्याने आधी या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. मुलाने मातीत शिकावे की नाही, हा खरा वाद नाही. तो तिथे शिकतो आहे की राबतो आहे, हे ओळखायचे कसे, हा खरा मुद्दा आहे. हा लेख त्या ओळखीबद्दल आहे.

हे शिक्षक नेमके काय करतात?

जगभरात अनेक शाळांत आता बागेचा स्वतंत्र शिक्षक असतो. अमेरिकेत बर्कली शहरातील मार्टिन लूथर किंग यांच्या नावाच्या शाळेत १९९५ पासून सुमारे एक एकराची बाग आणि तिला जोडलेले स्वयंपाकघर चालते. मुले पेरतात, काढतात, शिजवतात आणि एकत्र बसून खातात. जपानने २००५ मध्ये अन्नशिक्षणाचा कायदा केला आणि त्याच वर्षापासून शाळांत पोषणशिक्षक हे पद आणले. तिथे दुपारचे जेवण हा अभ्यासक्रमाचा भाग मानला जातो. मुले पाळीपाळीने एप्रन बांधून वर्गाला वाढतात आणि जेवणानंतर आवरतातही.

आपल्याकडेही हे काम आहे, फक्त त्याला एक नाव नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तयार झालेल्या कार्यक्रमात शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे दोन विभाग अभियांत्रिकीच्या बरोबरीने आहेत. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांतील पोषण-बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अनेक जिल्हा परिषद शाळांत परसबागेची भाजी पोषण आहाराच्या पातेल्यात जाते. हे करणारी कोणी प्राथमिक शिक्षिका असते, कोणी अंगणवाडी सेविका, तर कोणी कृषी पदविका घेतलेला तरुण.

म्हणजे काम नवे नाही. आपल्या चळवळीच्या दृष्टीने तर ते फार जुने आहे.

जोतीरावांनी १८८२ मध्ये काय मागितले?

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकऱ्याच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळू नका, हा त्यातला भाग आपल्याला माहीत असतो. त्याच निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हेही त्यांनी लिहिले आहे. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्याचे धडे असावेत, असे ते म्हणतात. पुढे जाऊन शाळेला जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिकवता येईल आणि त्याचा देशाला मोठा लाभ होईल, असे सुचवतात.

त्यांच्या यादीत शेती अक्षर आणि हिशेब यांच्या जोडीने येते, त्यांच्या जागी नाही. शूद्र-अतिशूद्रांच्या मुलांनी शेतीपुरतेच शिकावे, असे जोतीराव कुठेही म्हणत नाहीत. शेतकऱ्याला अक्षर येत नाही म्हणून कुळकर्णी त्याला लुबाडतो, आणि शेतीमागचे शास्त्र ठाऊक नाही म्हणून जमीन त्याला साथ देत नाही. या दोन्ही गाठी एकदम सोडवायच्या होत्या. दुसऱ्याच वर्षी लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातही ज्ञान आणि शेत यांची ही फारकतच त्यांना सलते.

कार्व्हरचे उदाहरण आणि डू बॉइस यांचा इशारा

वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे १९८१ पासून मराठी वाचकाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घरचा वाटतो. गुलामगिरीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा कृषिशास्त्रज्ञ झाला आणि १८९६ मध्ये अलाबामातील टस्कीगी संस्थेत गेला. कापसाने तिथल्या जमिनी चोपल्या होत्या. कापसानंतर चवळी, भुईमूग घ्या, जमीन पुन्हा उभी राहील, हे कार्व्हर गरीब शेतकऱ्यांना सांगत राहिले. शेतकरी संस्थेपर्यंत येऊ शकत नव्हता, म्हणून १९०६ पासून अवजारे आणि बियाणे भरलेली गाडी गावोगावी फिरू लागली. ग्रामीण शाळांत मुलांच्या बागा कशा कराव्यात, यासाठी त्यांनी शिक्षकांना पुस्तिकाही लिहून दिल्या. त्यांच्या इतर पुस्तिकांत पीक कसे घ्यावे याच्या शेजारीच ते कसे शिजवावे, हे असे. शेत आणि ताट हा एकच धडा, ही आज नवी म्हणून सांगितली जाणारी कल्पना एका गुलामाच्या मुलाने शंभर वर्षांपूर्वी राबवली होती.

पण या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्यासाठी तितकीच महत्त्वाची आहे. टस्कीगीचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन विद्यार्थ्यांना शेतावर, वीटभट्टीवर काम करायला लावत. तेव्हा तिथल्या पालकांनीही विरोध केला होता. मुलांना पुस्तके शिकायला पाठवले आहे, कामाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वॉशिंग्टन यांनी हे स्वतःच्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. आपल्या वस्तीतील आईचा प्रश्न अलाबामात असा सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

१९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी या धोरणावर कडक टीका केली. केवळ हाताचे कौशल्य शिकवून उच्च शिक्षण आणि राजकीय हक्क बाजूला ठेवले तर कृष्णवर्णीय माणूस कायम खालच्या पायरीवर राहील, असा त्यांचा इशारा होता. हे तेच डू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे हे कळवले होते. कार्व्हरचे शास्त्र आणि डू बॉइस यांचा इशारा, दोन्ही सोबत ठेवूनच आपल्याला बाग करावी लागेल.

राबवून घेण्याचा धोका खरा आहे

हा धोका भारतातही प्रत्यक्ष आलेला आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. शाळेचे तास कमी करायचे आणि उरलेल्या वेळात मुलाने आईबापाचा धंदा शिकायचा. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरायचा, चांभाराच्या मुलाने रापी. योजनेला नाव शिक्षणसुधारणेचे होते, पण घरचा धंदा म्हणजे जात, हे सर्वांना कळत होते. पेरियार आणि द्रविड चळवळीने रान उठवले. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि नवे मुख्यमंत्री कामराज यांनी योजना मागे घेतली.

इतके मोठे धोरण नसले तरी लहान रूपात हे आजही घडू शकते. शाळेतील झाडलोट, पाणी भरणे, संडास धुणे ही कामे ठरावीक वस्तीतल्या मुलांच्याच वाट्याला येणे ही तक्रार जुनी आहे. परसबाग आली की तिथेही तेच वाटप शिरते. वरच्या आळीतली मुले रोपांची नावे लिहितात, खालच्या आळीतली मुले शेणखत उचलतात. पाहुणे आले की पहिल्यांचे फोटो निघतात. अशा बागेत भाजी चांगली येईल, पण मुलांच्या मनात जात आणखी खोल रुजेल.

बाबासाहेबांनी शेजारी ठेवलेले दोन प्रसंग

या कोड्यातून वाट 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सापडते. ग्रंथाच्या सुरुवातीच्या पानांत सिद्धार्थाचे बालपण आणि तारुण्य सांगताना बाबासाहेब शेतातले दोन प्रसंग देतात.

एक प्रसंग वप्पमंगलाचा, म्हणजे पेरणीच्या सणाचा आहे. त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरायचा, ही रीत. सिद्धार्थही नांगर धरी. तो विद्वान होता, तरी अंगमेहनतीला कमी लेखत नव्हता, हे बाबासाहेब आवर्जून नोंदवतात.

दुसरा प्रसंग वडिलांच्या शेतावरचा आहे. मजूर अपुऱ्या कपड्यांत, रणरणत्या उन्हात जमीन कसताना, बांध घालताना, झाडे तोडताना सिद्धार्थाला दिसतात. तो मित्रांना विचारतो, की एकाने कष्ट करायचे आणि दुसऱ्याने त्या कष्टाच्या फळावर जगायचे, हे योग्य कसे?

हे दोन प्रसंग एकत्र वाचले की आपली कसोटी तयार होते. कष्टाचा तिरस्कार नको आणि कष्टाचे शोषणही नको. फक्त पहिला प्रसंग घेतला तर "श्रमप्रतिष्ठा" या गोड शब्दाखाली पुन्हा आपल्याच मुलांच्या पाठीवर पाटी येते. फक्त दुसरा घेतला तर मुलाला मातीची लाज वाटू लागते, आणि ती लाज हळूहळू शेतात राबणाऱ्या स्वतःच्या आईपर्यंत जाते. शिकलेल्या पिढीत ही लाज आपण पाहिली आहे.

या कसोटीचे व्यवहारातले रूप पाच प्रश्नांत मांडता येते. खत उचलणे, झाडणे, लिहिणे, मोजणे ही सगळी कामे प्रत्येक मुलाच्या वाट्याला पाळीने येतात का? बागेचा तास वेळापत्रकात आहे का, की गणिताचा तास काढून तिथे पाठवले जाते? प्रत्येक कामामागचे कारण मुलाला सांगितले जाते का? जे पिकते ते कोण खाते? आणि बागेतून मूल पुस्तकाकडे, प्रयोगाकडे, पुढच्या शिक्षणाकडे जाते का? पाचही उत्तरे बरोबर असतील तर ते शिक्षण. एक जरी चुकले तर कार्यकर्त्याने तिथे बोलले पाहिजे.

चांगला तास कसा असतो?

समजा, दहा-बारा वर्षांची वीस मुले आहेत आणि चवळीचा वाफा आहे. शिक्षिका एक रोप मुळासकट उपटायला सांगते. मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी रंग दिसतो. तो रंग दिसला की समजायचे, गाठीतले जिवाणू काम करत आहेत. हवेतला नत्र ते रोपाला वापरता येईल अशा रूपात आणतात. कापसानंतर चवळी घ्यावी हे कार्व्हर का सांगत होते, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलाला इथे एका मिनिटात कळते. मग मूल विचारते, सगळ्याच झाडांना अशा गाठी असतात का? शेजारचे वांग्याचे रोप उपटून बघायचे. अनुमान काढायचे, तपासायचे, चुकले तर बदलायचे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालामांना दिलेली शिकवण इथे मूल हाताने शिकते.

दुसऱ्या तासाला काचेच्या बरणीत मूठभर माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचे आणि ठेवून द्यायचे. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, तिच्यावर पोयटा, आणि चिकणमातीचे कण दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवतात. पट्ट्यांची उंची पट्टीने मोजायची, टक्केवारी काढायची. तिसऱ्या तासाला मटकीचे पन्नास दाणे ओल्या फडक्यात बांधायचे आणि दोन दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. सहा फूट बाय तीन फुटांच्या वाफ्यात अर्ध्या फुटावर ओळी काढल्या तर बी किती लागेल, हे गणित फळ्यावरच्या गणितापेक्षा लवकर डोक्यात बसते, कारण चुकले तर बी उरते किंवा कमी पडते.

या कामाला बाहेरचा तज्ज्ञ हवाच असे नाही. आपल्या वस्तीत शेतमजुरी केलेल्या बाया आहेत. भूमिहीनांना भाजीचा मळा कधी नव्हता. त्यांनी बांधावरची, ओढ्याकाठची, पिकातली रानभाजी ओळखून घर चालवले. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, टाकळा यांची पाने कधी खुडायची, कोणती कडू निघते, कोणती उकळून पाणी टाकायची, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले, ते याच स्मृतीच्या आधारे. अशा एका आजीला वर्गापुढे खुर्चीवर बसवावे, तिच्या नावापुढे "आजच्या शिक्षिका" असे फळ्यावर लिहावे आणि तिच्या वेळेचे मानधन द्यावे. तिने सांगितलेले मुलांनी वहीत उतरवून घ्यावे आणि विज्ञानाच्या शिक्षकाने त्यातले काय तपासता येईल ते सांगावे. आईचे काम हे ज्ञानाचे काम आहे, हे मुलाला भाषणातून पटत नाही. अशा तासातून पटते.

ताटातला प्रश्न

बागेचा धडा ताटापर्यंत आला नाही तर तो अर्धाच राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के बालकांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणून मुलांना काही साध्या गोष्टी कळल्याच पाहिजेत. पालेभाजीतले लोह शरीराला मिळावे यासाठी जेवणात लिंबू किंवा पेरू असावा. जेवताना किंवा लगेच नंतर चहा घेतला तर तेच लोह कमी शोषले जाते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, भातात ते अगदी नगण्य. शेवग्याचा पाला फुकट मिळतो आणि फार पौष्टिक आहे. पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटात काय असते, हे पाकिटावरचा मजकूर वाचून मुलांनीच शोधावे.

इथे एक सावधगिरी हवी. "सकस आहार" या नावाखाली "सात्त्विक आहार" शिकवला जाणार नाही, याकडे लक्ष ठेवले पाहिजे. मांस, मासे, अंडी खाणारे मूल अपवित्र आणि शाकाहारी मूल शुद्ध, असा धडा पोषणशास्त्र देत नाही; तो जातव्यवस्था देते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यांना फळ, देण्याचा निर्णय घेतला. त्याला विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबवला गेला. हवे असल्यास लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या घरात अंडे विकत आणणे परवडत नाही, त्या घरातल्या मुलाचे हे नुकसान आहे.

स्वयंपाक कोण करते, हाही प्रश्न आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ रोजी स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य देण्यास सांगितले. त्यानंतरही दलित बाईने शिजवले म्हणून मुलांनी जेवण नाकारल्याच्या बातम्या देशाच्या वेगवेगळ्या भागांतून येत राहिल्या. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही पाच राज्यांतील असा भेदभाव नोंदवला आहे. म्हणून मुलांनी स्वतः पिकवलेली मेथी सर्वांनी मिळून निवडावी, एकाच पातेल्यात शिजवावी, पाळीने वाढावी आणि एका पंगतीत खावी. जपानी शाळेतली वाढण्याची पाळी आपल्या शाळेत आली तर ती जातीवर थेट घाव घालते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची एक गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधत दमलेला, भुकेला शेतकरी धम्म ऐकायला उशिरा पोहोचला. तथागतांनी त्याच्यासाठी वाट पाहिली, आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच उपदेश सुरू केला. उपाशी माणसाच्या डोक्यात धम्म शिरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मुलांच्या वर्गाची सुरुवातही इथूनच व्हावी.

विहारातून सुरुवात कशी करावी?

आपल्याकडे जागा आहे, ती म्हणजे विहाराचे अंगण. आणि वेळही आहे, तो म्हणजे वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन चालते. हेच तीन महिने पावसाळी भाजीचे आहेत. आषाढात लावलेली भेंडी सुमारे पन्नास दिवसांत, चवळी आणि गवार दोन महिन्यांच्या आसपास हाताशी येते. दोडका, भोपळा भिंतीवर चढतो. वर नांगराचा आणि मजुरांचा प्रसंग वाचला जातो, त्याच आठवड्यात मुलांनी अंगणात बी टाकावे. पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरावी. मेथी महिनाभरात ताटात येते.

सुरुवात लहान हवी. दोन-तीन वाफे किंवा दहा गोण्या पुरेत. शहरात गच्चीवर करणार असाल तर आधी इमारतीच्या जाणकाराला विचारा. एक घनफूट ओल्या मातीचे वजन चाळीस किलोच्या पुढे जाते. रसायनांचे किंवा रंगाचे जुने डबे वापरू नका. नाल्याचे पाणी पालेभाजीला कधीही घालू नका. मातीत काचा असतील तर मोठ्यांनी आधी वेचून काढा, आणि काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. ओला कचरा, सुका पाला आणि थोडी माती यांचे थर देऊन खत करा. त्याला हात लावायची पाळी मुलगे आणि मुली दोघांनाही सारखीच द्या. एक वही ठेवा. काय पेरले, कधी उगवले, किती पाणी, किती भाजी निघाली, कोणाच्या घरी गेली, हे मुलांनीच लिहावे. पहिल्या सभेला पालकांना बोलवा आणि त्यांचा तो पहिला प्रश्न त्यांनाच मोकळेपणी मांडू द्या.

गावच्या शाळेत परसबाग आधीच असेल तर आपल्या तरुणांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जावे. वरचे पाच प्रश्न तिथे विचारावेत आणि मदतही द्यावी. केवळ दोष काढणाऱ्यापेक्षा बियाणे घेऊन आलेल्याचे शाळा जास्त ऐकते.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. दहा गोण्यांची बाग म्हणजे जमिनीचा हक्क नव्हे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो कसायला जमीन मिळावी म्हणून. गायरानाचे पट्टे, वनहक्क, इनाम-वतनाच्या जमिनींचे वाद अजून संपलेले नाहीत. बागेत शिकलेले मूल उद्या कृषी महाविद्यालयात जाईल, डॉक्टर होईल, वकील होऊन गायरानाचा खटला लढेल किंवा आवडले तर शेतीही करेल. यापैकी काय करायचे ते त्याने स्वतः ठरवावे. त्याच्या आजीला ते ठरवता आले नव्हते. आईचा प्रश्न याच हक्काचा होता, आणि तो मुलाला मिळाला तरच आपली बाग शाळा ठरेल.

नमो बुद्धाय, जय भीम.